म्हस्कूचा कान

सुपे-मोरगावच्या पट्ट्यात म्हस्कूला ओळखत नाही असा माणूस विरळा, आणि ओळखतात ते त्याच्या कानामुळे. एरवी माणूस साधाच. वय सहासष्ट, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, दारात बारा शेरडं, आणि उन्हाळ्यात मयूरेश्वर अभयारण्यातले हरणांचे पाणवठे भरायचं रोजंदारीचं काम. पण दिवस मावळायला आला की हा गडी निराळाच होतो. माळावर उकिडवा बसतो, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो, मान जराशी कलती करतो आणि सांगतो, "पिंगळं दोन हायती, वड्याच्या बाभळीत. नर अलीकडं, मादी पलीकडं. आन् थोरलं घुबड आज दरडीवर न्हाय, खाणीत बसलंय." जाऊन बघावं तर खाणीच्या कपारीतून दोन नारिंगी डोळे आपल्याकडे रोखलेले असतात.

बारामतीच्या कॉलेजात शिकवणारी मोनाली दर हिवाळ्यात पोरं घेऊन घुबडांची मोजणी करायला येते. दुर्बिणी, आवाज टिपायची यंत्रं, नकाशे, सगळा सरंजाम बरोबर असतो. पहिल्या वर्षी ही मंडळी तासभर झाडन् झाड धुंडाळत होती आणि घुबड त्यांच्या जीपवरच्याच फांदीवर बसून त्यांची मजा बघत होतं. "ताई, काखेत कळसा आन् गावाला वळसा!" असं म्हणून म्हस्कू डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला होता. अजूनही तो हा किस्सा येईल त्याला सांगतो. त्यानं हसायला नको होतं. पण ते त्याला यंदाच्या माघात कळलं, त्याआधी नाही.

मोनालीनं एकदा विचारलंही होतं, "आबा, हे शिकलात कुठं?"

"शेरडांमागं फिरताना."

साफ खोटं. शेरडांमागे सगळी वाडीच फिरते, पण असा कान दुसऱ्या कुणाला फुटला नाही. खरं काय ते म्हस्कूनं बावीस वर्षं पोटात ठेवलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी त्याच्या घरात तीन माणसं होती: तो, बायको ताईबाई आणि बारा वर्षांची पोर रेश्मा. ताईबाई मोरगावची, कऱ्हेकाठची. लग्न होऊन येताना तिनं भांड्याकुंड्यांबरोबर नदीच्या पात्रातला एक गोटा आणला होता, लसूण-मिरची ठेचायला. मुठीत मावेल एवढा, काळा कुळकुळीत आणि मधून एक पांढरी शीर गेलेली. सासूनं नाक मुरडलं, "आमच्या माळाला काय दगडं न्हाईत व्हय?" तेव्हा नवी नवरी म्हणाली, "हायती की. पण ह्यो माज्या हाताचा हाय." 

मार्गशीर्षातली सांज होती. ताईबाई अंगणात बसून ठेचा करत होती आणि दारातल्या लिंबावर घुबड येऊन बसलं. ही लागोपाठ तिसरी सांज. हूऽ-हू, हूऽ-हू. घरावर घुबड बोललं की घरातलं माणूस जातं, असं म्हणत शेजारणी आधीच कुजबुजायला लागल्या होत्या. म्हस्कूचं डोकं सटकलं. हाताशी दुसरं काही नव्हतं, त्यानं बायकोच्या मुठीतला गोटा हिसकला आणि भिरकावला.

"आवं, माजा गोटा!" ताईबाई ओरडली.

फांदी हलली, घुबड पंखांचा आवाजही न करता निघून गेलं. अंधार पडला होता. गोटा पाखराला लागला की नाही, पडला कुठं, कशाचाच पत्ता लागला नाही. घरात जाऊन म्हस्कू जेवला आणि झोपला.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते दुसऱ्या दिवशी, आबाजीच्या ओट्यावर. आबाजी म्हणजे वाडीतलं सगळ्यात जुनं खोड. म्हस्कूनं मोठ्या फुशारकीनं घुबड हाकलल्याचं सांगितलं, तर म्हातारा तंबाखू मळायचा थांबला.

"दगड मारलास? घुबडाला? आरं येड्या, त्ये दगड उचलून नेतं. कुठंतरी दडून बसतं आन् घासत ऱ्हातं. दगड झिजंल तसा माणूस झिजतो. कुणाचा हुता दगड?"

"ताईबाईचा."

"मग झीज तिची. हुडीक त्यो दगड आन् वाहत्या पाण्यात सोड. आन् ध्यानात ठिव, कुणापाशी चकार शब्द काडायचा न्हाय. बायकूपाशी तर न्हायच न्हाय. बोललास की तिचं नाव पाखराच्या कानावर जातंय, मग सुटका न्हाय."

एवढं सांगून आबाजीनं तंबाखू दाढेला धरली, आणि संध्याकाळपर्यंत तो हे विसरूनही गेला असेल. म्हस्कू विसरला नाही. घरी येऊन त्यानं बायकोकडे नीट बघितलं. गळ्याची हाडं वर आली होती, बांगड्या कोपराकडे घसरत होत्या आणि ती तोंडाला पदर लावून खोकत होती. बांगड्या काही त्या दिवसापासून घसरत नव्हत्या. पण बायकोकडे निरखून बघायची म्हस्कूची ही पहिलीच वेळ. त्याच्या मनानं घेतलं, लागला गोटा झिजायला.

आणि त्या सांजेपासून तो घुबड ऐकायला लागला.

आधी सगळे आवाज सारखेच वाटायचे. मग कळलं, की घुबड दिवसभर जिथं दडतं तिथंच मावळतीला पहिली हाळी देतं आणि मग चरायला निघतं. म्हणजे गोटा असणार तो त्या पहिल्या हाळीच्या जागी. दुसरी-तिसरी हाळी ऐकून पळण्यात अर्थ नाही. ओढ्यात आवाज दरडीवर आपटून परत येतो आणि माणसाला उलटं पळवतो, म्हणून मान वळवून दोन्ही कानांनी तोलायचा. पहाटे परत यायची वेळही ठरलेली. चार महिन्यांत त्यानं त्या पाखराच्या सहा बैठकी शोधल्या. प्रत्येक बैठकीखाली उंदरांच्या कवट्या, खेकड्यांची टरफलं, केसाहाडांचे ओकलेले गोळे पडलेले असायचे. ते तो बोटांनी चाळायचा, कपारीत हात घालायचा. काळा दगड दिसला की उजेडात धरून बघायचा. पण पांढरी शीर कुठं दिसली नाही.

इकडे ताईबाईचं अंग रोज सांजेलाच तापायचं. रेश्मा भाकरी थापायची, ताईबाई भिंतीला टेकून तिला सांगत असायची, आणि नेमका त्याच वेळी म्हस्कू चपला घालायचा.

"आज बसा की वाईच," ती म्हणायची.

"शेरडू चुकलंय."

"आपली शेरडं बारा, आन् चुकलेली चाळीस," ताईबाई म्हणायची. ती हसायची, मग खोकायची. म्हस्कू उंबरा ओलांडून गेलेला असायचा.

गावात येणाऱ्या नर्सबाईनं तीनदा सांगितलं, "खोकला लांबलाय. बारामतीला न्या, थुंकी तपासा. गोळ्या सरकारातून मिळतात, सहा महिन्यांत माणूस खडखडीत होतं." म्हस्कू म्हणायचा, "येवढी अमावास्या हू द्या." अंधाऱ्या पंधरवड्यात घुबड जास्त बोलतं असा त्याचा हिशेब होता. त्याला बायको नको होती असं कुणी म्हणू नये. तिच्यासाठी तो जीव टाकत होता, फक्त भलत्या दिशेला. नर्सबाई औषधाचं बोलत होती आणि हा दगडाचं, आणि दगडाचं उघड बोलायची बंदी होती.

चैत्रात पदराला रक्त लागलं तेव्हा तो तिला एसटीत घालून बारामतीला घेऊन गेला. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "कधीपासून आहे?"

"बाजरीच्या सुगीपासनं," ताईबाई म्हणाली.

म्हणजे गोटा भिरकावला त्याच्या दोन महिने आधीपासून. म्हस्कू दाराशीच उभा होता. माळावरच्या पिंगळ्याची कुजबुज टिपणारा त्याचा कान, पण हे वाक्य त्यानं आत घेतलं नाही. "निदान संक्रांतीला तरी आणायचं होतं," डॉक्टर म्हणाला. ताईबाई त्यानंतर एकोणीस दिवस होती.

ती गेल्यावर तरी हा शोध थांबायला हवा होता. तो थांबला नाही, उलट वाढला. वाडीला वाटलं, बायको गेली आणि गड्याला घुबडांचं वेड लागलं. वेड नव्हतं ते. म्हस्कूला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. गोटा झिजलेला सापडला, तर बायकोला पाखरानं नेलं. आपण शोधायला कमी पडलो, एवढंच आपलं चुकलं. आणि गोटा जसाच्या तसा सापडला, तर तिला आपणच मारलं, रोज सांजेला चपला घालून. म्हणून तो झिजलेला गोटा शोधत होता. बावीस वर्षं त्यानं देवाकडे दुसरं काही मागितलं नाही.

रेश्मानं बाराव्या वर्षी चूल हातात घेतली आणि विसाव्या वर्षापर्यंत बापाला रांधून घातलं. मग ती लग्न होऊन इंदापूरकडे, वरकुट्याला गेली. जावई रविराज कष्टाळू, ऊस करणारा. पोरगी दिवाळीला फोन करायची, पंचमीला यायची, पण बापाशी बोलायची ती दुसरीकडे बघून. का, ते त्यानं विचारलं नाही. विचारणं हे म्हस्कूच्या स्वभावातच नव्हतं.

यंदा माघात मात्र तिचा अवचित फोन आला.

"आप्पा, आमच्या हिरीवरच्या जुन्या इंजनाच्या खोलीत कायतरी फिसकारतंय. सासूबाई म्हणत्यात साप, ह्ये म्हणत्यात भूत. तुमी वळखता म्हणं सगळं. येता का?"

"येता का" हे शब्द पोरीच्या तोंडून त्यानं चौदा वर्षांत ऐकले नव्हते. शेरडं शेजाऱ्याच्या गळ्यात मारून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो निघाला आणि बारामतीला गाडी बदलून दुपारी वरकुट्यात पोचला.

दिवस कलल्यावर रविराज त्याला विहिरीकडे घेऊन गेला. बरोबर विहीणबाई बनाबाईही होत्या, हातात काठी, तोंडानं रामनाम. पडक्या खोलीतून घोरल्यासारखा आवाज येत होता, खर्रऽ, खर्रऽ. म्हस्कू भिंतीला पाठ लावून बसला, टोपी काढली, मान कलती केली.

"गव्हाणी घुबडाची पिल्लं हायती," तो म्हणाला. "चार. न्हाय, पाच. एक लहान हाय, त्याचा आवाज बारीक येतुया. भूक लागलीया त्यास्नी. आईबाप आता निघत्याल."

"हाकलायचं का मामा? फटाकं लावू?" रविराजनं विचारलं.

"नगं. तुमच्या उसातलं उंदीर कोण खातंय मग? ऱ्हाऊ द्या."

"आन् दगड तर मारूच नगा गं बाई," बनाबाई म्हणाल्या. "झिजवत्यात म्हणं!"

रविराज हसला. "म्हातारी, तुजं दात झिजलं ऊस खाऊन, घुबडाला कशाला बोल लावतीस?" त्यावर बनाबाईही बोळक्या तोंडानं हसल्या. म्हस्कूनं टोपी झटकली आणि डोक्यावर घातली.

घरापाशी येऊन तो अंगणातल्या खुर्चीवर बसला. मोठी पाखरं बाहेर पडायची वेळ झाली होती, रविराज मोबाइल घेऊन फोटोसाठी परत विहिरीकडे पळाला. म्हस्कूनं कान तिकडे लावला. आणि त्या कानात मागून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक आवाज आला.

ठक, ठक, सर्र. ठक, ठक, सर्र.

त्याची मान आपोआप कलली. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता, पण कुठला ते ध्यानात येईना. पाखराचा तर नव्हे. कानाच्या आधी पोटाला कळलं, त्याला एकाएकी भूक लागली. ह्या आवाजामागून भाकरी येते, हे पोट विसरलं नव्हतं. तो उठला, आणि उभ्या जन्मात कुणाच्या चुलीपाशी न गेलेला म्हस्कू लेकीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

ओट्यावर गॅस होता, मिक्सर होता. पण रेश्मा खाली बसून दगडी परातीत लसूण-मिरची ठेचत होती. तिच्या मुठीत काळा गोटा होता. पांढऱ्या शिरेचा.

म्हस्कू भिंत धरून खाली बसला. त्यानं हात पुढे केला तसा रेश्मानं काही न कळून गोटा त्याच्या हातावर ठेवला. ओला, तिखट वासाचा. त्यानं तो उलटापालटा केला, एका अंगावरून बोट फिरवलं. ते अंग सपाट झालेलं होतं.

"झिजलाय," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "झिजलाय ग! ह्यो कुठं घावला तुला?"

"घावला म्हंजे? आईचा न्हाय का. लग्नात मीच आणला, तुमास्नी इचारलं न्हाय. आन् झिजंल न्हाय तर काय? आईनं ठेचलं, मी वाडीत आठ वर्सं ठेचलं, हितं चौदा वर्सं ठेचतीया."

"पण त्यो तर... म्या घुबडाला मारला हुता."

"व्हय, आई सांगायची की. लिंबाच्या बुडाला कोंबड्यांचा डालगा हुता न्हाय का, त्याच्या मागं पडला हुता. दुसऱ्या दिशी सकाळच्या पारी तिनंच आणला आन् धुतला. म्हणाली, ह्येंच्या हातनं काय नेम लागायचा."

म्हस्कू गोट्याकडे बघत राहिला. दुसऱ्याच दिवशी. तो आबाजीच्या ओट्यावर बसला होता तेव्हा गोटा धुऊन चुलीपाशी ठेवलेला होता. त्यानंतर चार महिने तो ओढ्याखाणीत कवट्या चाळून घरी यायचा, हात धुऊन बाहेर पडवीत बसायचा, आणि आत अंधारात हाच गोटा ठकठकत असायचा. आधी बायकोच्या हातात, मग पोरीच्या. त्याच गोट्यानं ठेचलेली चटणी त्यानं त्यानंतर आठ वर्षं खाल्ली. ठेचल्याचा आवाज रोज कानावर पडत होता. बाईमाणसानं दुसरा दगड घेतला असेल, असंच त्यानं धरलं होतं. मैलावरची पाखरं ऐकणाऱ्यानं दहा पावलांवरचं कधी ऐकलं नाही.

"काय झालं, आप्पा?" रेश्मा घाबरली. "पाणी देऊ?"

आणि मग म्हस्कूनं सांगितलं. आबाजीचं, झिजण्याचं, न बोलण्याचं, अमावास्यांचं. खाली मान घालून, गोट्याशीच बोलावं तसं सांगितलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

 रेश्माची बोटं तिखटानं माखलेली होती, त्यामुळे डोळे पुसता येईनात.

"आई खोकाय लागली की तुमी चपला घालायचा," शेवटी ती म्हणाली. "मला वाटायचं, रोग लागंल म्हणून भ्यायलाय. आईला मी तसं म्हणलं एकदा. तिनं मला मारलं. म्हणाली, तुजा बाप भित्रा न्हाय, त्याचं कायतरी दुखतंय, पण त्यो सांगत न्हाय."

"आसं म्हणली?"

"व्हय. लई डाव वाट बघायची. तुमी सांगशिला म्हणून." रेश्माचा आवाज चढला, मग फुटला. "एकदा इचारायचं हुतं तिला, आप्पा. नुसतं म्हणायचं, तुजा गोटा कुठाय. तिनं चुलीम्होरनं उचलून दिला आसता."

 म्हस्कूनं गोटा मुठीत घट्ट धरला. तो त्याच्या मुठीत नीट बसेना. ज्या हाताचा तो होता, तो हात लहान होता.

बाहेर विहिरीकडून एक लांबलचक किंकाळी आली आणि लगोलग रविराजची हाक, "मामा, आली बगा! दोन्ही आली! या लवकर!"

रेश्मानं बापाच्या पायांकडे बघितलं. चपला दाराबाहेर होत्या. म्हस्कू उठला नाही. त्यानं गोटा तिच्यापुढे परातीत ठेवला आणि मांडी घालून नीट बसला.

"ठेच," तो म्हणाला. "थांबू नगंस. मला ऐकू दे."